लाल फडक्यातला मुकादम

मी एक जुनी पाणपोई आहे, मित्रांनो. माणसांची नाही, पाखरांची. मेक्सिकोच्या डोंगरात सान मेल्कोर नावाचं गाव आहे. तिथं ब्रीहिदाबाईंच्या परसात लिंबोणीच्या फांदीला मी टांगलेली असते. निळ्या काचेची बाटली, खाली पत्र्याची ताटली आणि ताटलीला पत्र्याचीच तीन लाल फुलं. आता रंग उडालाय, एक फूल वाकडं झालंय. आणखी एक गोष्ट आधीच सांगून टाकते. माझा स्वभाव शंकेखोर आहे. दुधानं तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो म्हणतात. मी तोंड पोळायची वाटसुद्धा बघत नाही.

त्याला कारण आहे. मी मुळात खोकल्याच्या औषधाची बाटली. औषध संपल्यावर खिडकीत धूळ खात पडले होते. एक दिवस ब्रीहिदाबाईंचा नवरा इलारियो यानं मला उचललं आणि चक्क उलटं केलं. इलारियो पत्र्याचे कंदील आणि आरशांच्या चौकटी करायचा. एका हातात कातर, दुसऱ्या हातात हातोडी, समोर विस्तव. अशा माणसाच्या हाती आपण उलटे लटकलोय म्हटल्यावर कुणाच्या मनात चांगला विचार येईल? मला वाटलं, भरलं आपलं. पण त्यानं ताटली बसवली, फुलं डाख देऊन जोडली, साखरेचं पाणी भरलं, आणि छोट्या ओतिलियाला खांद्यावर घेऊन म्हणाला, "आता बघ हं, सांडतंय का."

सांडलं नाही. कुणी जेवढं पिईल तेवढंच पाणी माझ्यातून खाली उतरतं. इलारियोनं लेकीला सगळं नीट शिकवलं. चार वाट्या पाण्याला एक वाटी साखर, उकळून गार केलेली. मध घालायचा नाही, तो आंबतो आणि पाखरं आजारी पडतात. रंग घालायचा नाही, फुलं लाल आहेत तेवढं पुरे. दर दोन-तीन दिवसांनी मला धुऊन पाणी बदलायचं. ओतिलिया हे सगळं बडबडगीतासारखं घोकायची. मी ऐकायची आणि मनात म्हणायची, बघू किती दिवस टिकतंय हे कौतुक.

मग ती आली. इथले लोक त्यांना चुपारोसा म्हणतात, म्हणजे गुलाब चोखणारी. तुम्ही हमिंगबर्ड म्हणत असाल. अंगठ्याएवढं पाखरू, पण पंखांचा आवाज भोवऱ्यासारखा. हवेत एका जागी उभं राहतं, मनात आलं तर मागेही उडतं. मित्रांनो, मागे उडणारं पाखरू मी तरी पहिल्यांदाच पाहत होते. शिवाय यांचा रंगसुद्धा एक राहत नाही. उन्हात निखाऱ्यासारखा झळकणारा गळा सावलीत गेला की काळा. ज्याचा रंगच धड नाही, त्याच्यावर विसंबायचं कसं?

त्यातला एक तर माझ्याहून शंकेखोर निघाला. अंग हिरवंगार, कानाशी जांभळा पट्टा. पिऊन झालं तरी लिंबोणीच्या शेंड्यावर बसून राहायचा आणि दुसरं कुणी जवळ आलं की बाणासारखा सुटायचा. जणू माझ्यातलं पाणी त्याच्या वडिलांनीच भरून ठेवलं होतं. ओतिलियानं त्याचं नाव ठेवलं मुकादम. पुढे तो गेला, त्याच्या जागी तसाच दुसरा आला, तोही मुकादमच. मुकादम माझ्यावर पाळत ठेवायचा आणि मी मुकादमावर. आमचं बरं चाललं होतं.

इलारियो वारला. ओतिलियाची तिशी उलटली. लहानपणी तापात तिचा एक पाय जरा आखूड राहिला होता, त्यामुळे ती किंचित लंगडत चाले. सान मेल्कोरमध्ये अशा मुलीची सोयरीक कुणी विचारत नाही. लोक नुसते "आहे बिचारी आईजवळ" म्हणतात. ओतिलिया आईबरोबर पहाटे मक्याच्या पिठाचे तामाल पानात वाफवून विकायची आणि उरलेला वेळ माझ्याखाली बसायची. बापानं शिकवलेलं पाणी बदलायचं तिनं कधी चुकवलं नाही. एवढं मात्र मला कबूल करायला हवं.

अशात फेर्मीन यायला लागला. भट्टीवाल्या कासिल्दाबाईंचा हा एकुलता एक मुलगा, उंचापुरा, हाताला सदा पीठ लागलेलं. रोज पाव द्यायला यायचा. पाव देऊन झाल्यावर माणसानं आपल्या वाटेनं जावं की नाही? हा उभाच. म्हणे पाखरं बघतोय. पाखरं वर फांदीवर आणि याची नजर खाली चुलीपाशी. मी लगेच ओळखलं की दाल में कुछ काला है. पण मुकादमानं त्याला कधी हुसकलं नाही आणि ओतिलियानंही नाही.

आता गावातली एक रीत सांगायला हवी. बाजारात एक जडीबुटीवाली बसते. तिच्या टोपलीत मुळ्या, साली, राळ, आणि एका कोपऱ्यात वाळलेल्या चुपारोसा, लाल दोऱ्यानं करकचून गुंडाळलेल्या. कुणाचं मन आपल्याकडे ओढायचं असेल, तर मेलेली चुपारोसा लाल फडक्यात बांधून डाव्या अंगाला काळजाशी बाळगायची, अशी समजूत आहे. उघडपणे कुणी मानत नाही. टोपली मात्र रिकामी होते.

ती जडीबुटीवाली एक दिवस आमच्या परसात उभी राहिली. माझ्याभोवतीची पाखरं बघून तिचे डोळे लकाकले. "बाई, एवढी लक्ष्मी इथं नुसती उडतेय," ती म्हणाली, "थोडी मला द्या की."

ब्रीहिदाबाईंनी बोलायच्या आधी खराटा उचलला. "चल, नीघ. पाखरं पाजायला ठेवलीत, वाळवायला नाहीत."

ती निघाली. पण ओतिलिया तिच्या मागोमाग फाटकापर्यंत गेली. तिथं दोघी बराच वेळ कुजबुजल्या. मग ओतिलियानं पानात गुंडाळलेलं काहीतरी तिच्या हातात ठेवलं. काय बोलल्या, मला ऐकू आलं नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात जो किडा शिरला तो काही केल्या निघेना. आणि नेमक्या त्याच वेळी रस्त्यावरून कासिल्दाबाई चालल्या होत्या. फाटकातलं सगळं त्यांनी पाहिलं.

थोड्याच दिवसांत फेर्मीननं घरी सांगितलं की लग्न करीन तर ओतिलियाशी. झालं. गावात कुणकुण सुरू झाली. भट्टीवाल्यांचा देखणा मुलगा आणि तामालवाल्यांची लंगडी पोर, हे सरळ मार्गानं जुळेल कसं? त्यात त्यांच्या परसात चुपारोसांची जत्रा. दोन आणि दोन चार करायला गावाला शाळा लागत नाही.

आमच्याकडे मुलगी मागायला तीनदा यावं लागतं, तेही पहाटे, उजाडता उजाडता. पहिल्यांदा मुलीकडच्यांनी "नाही" म्हणायचं, दुसऱ्यांदा "बघू" म्हणायचं. तिसऱ्यांदा पाहुण्यांपुढे गरम चॉकलेटचे पेले आले आणि पाहुण्यांनी ते रिकामे केले की लग्न ठरलं. बोलणी आईबाप करत नाहीत. त्यासाठी गावातला एक जाणता माणूस असतो. तो बसल्यावर हॅट काढून गुडघ्यावर ठेवतो. बोलणी चालू असताना ती हॅट परत डोक्यावर गेली, तर सगळं मोडलं. मग त्या मुलीच्या दारात पुन्हा कुणी येत नाही.

पहिल्या पहाटे कासिल्दाबाई आल्या त्या माझ्याकडे बघत बसल्या. जाताना म्हणाल्या, "छान आहे हो तुमचा सापळा."

ब्रीहिदाबाईंनी मुकाट्यानं मला उतरवलं आणि कोंबड्यांच्या खुराड्यामागे ठेवून दिलं. तिथं मी किती दिवस होते, ते सांगायला नको. पाणी आटलं, कडेला काळी बुरशी धरली, कोळ्यानं फुलात जाळं विणलं. वरून मुकादमाचा आवाज यायचा. तो रिकाम्या फांदीभोवती फिरायचा आणि परत जायचा. पौषातल्यासारखी थंडी होती, फुलं कुठं नव्हती. मित्रांनो, आयुष्यभर ज्याची तहान भागवली त्यालाच आपल्यापायी उपाशी बघणं, याहून वाईट काही मी पाहिलेलं नाही.

तिसऱ्या पहाटेच्या आदल्या दुपारी ओतिलिया खुराड्यामागे आली.

"राहू दे गं ती," ब्रीहिदाबाई म्हणाल्या. "उद्याचा दिवस जाऊ दे. लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार?"

"बाबांनी केलेली आहे, आई. ही खुराड्यात लपवून मला सासर नको. काय बघायचं ते उद्याच बघू देत."

तिनं मला गरम पाण्यानं घासलं, ताजं पाणी भरलं आणि परत फांदीला टांगलं. मुकादम दिवेलागणीला आला. हावऱ्यासारखा प्याला. आणि एरवी कधी जवळ न थांबणारा तो, माझ्या ताटलीच्या काठावरच पिसं फुगवून बसून राहिला.

उजाडताना पाहते तर मुकादम काठाला पायांनी धरून उलटा लटकलेला. डोळे मिटलेले, चोच जमिनीकडे, अंग गारेगार. मेला, आणि माझ्याच ताटलीवर मेला. मग नेहमीचा किडा वळवळला. पाणी तर कालचंच होतं. पाण्यात काही कालवलं होतं का? कुणी? रात्रभर तिसरं कोण आलं होतं परसात?

एवढ्यात वाऱ्यानं मी हलले आणि तो पट्कन खाली पडला. कोंबड्या धावल्या. त्यांच्याआधी ओतिलिया लंगडत पोचली. तिनं त्याला उचललं. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. तामालांच्या टोपलीवरचं फडकं ओढलं, त्यात त्याला गुंडाळलं आणि पोलक्यात खुपसलं. फडकं लाल होतं, मित्रांनो. आणि खुपसलं ते डावीकडे.

मला सगळं कळून चुकलं असं मला वाटलं. फाटकातली कुजबुज, पानातली पुडी, सगळं. त्याच वेळी दार वाजलं.

पाहुणे आले. बोलणी करायला म्हातारे त्रान्सितोकाका, कासिल्दाबाई आणि फेर्मीन. लाल फीत बांधलेली पावाची टोपली. सगळे माझ्याच खाली, चुलीजवळच्या मेजाशी बसले. त्रान्सितोकाकांनी हॅट काढून गुडघ्यावर ठेवली आणि घसा साफ केला. "ब्रीहिदाबाई, तुमच्या बागेत एक फूल आहे, असं आम्ही ऐकून आहोत..."

ओतिलिया पेले घेऊन आली. एक हात पेल्यांच्या तबकाला, एक सारखा छातीशी. कासिल्दाबाईंची नजर म्हणजे काय विचारता. पावातला खडा त्या पीठ चाळायच्या आधी ओळखत.

"पोरी," त्या म्हणाल्या, "काळजाशी काय बांधलंयस?"

ओतिलियानं तबक मेजावर ठेवलं.

"काही नसेल तर दाखव की. मीही बाईच आहे."

ओतिलियानं फडकं काढून मेजावर ठेवलं आणि उघडलं. लाल कापडात हिरवा मुकादम, काडीसारखा कडक. फेर्मीनचा हात पेल्याकडे गेला होता, तो तिथंच राहिला. ब्रीहिदाबाईंनी डोळ्यांना पदर लावला.

"बघा, काका, बघा," कासिल्दाबाई म्हणाल्या. "मी म्हणत होते ना? लाल फडकं, डावी बाजू. आता कापडाच्या चारी टोकांना मेण लावून गाठी मारायच्या, आत माझ्या लेकराच्या सदऱ्याचा धागा घालायचा आणि तीन शुक्रवार उशाखाली. शोधा, धागासुद्धा सापडेल इथंच कुठंतरी."

"मेलेला नाही तो," ओतिलिया म्हणाली. "गारठलाय. बाबा सांगायचे, पोट रिकामं आणि थंडी कडाक्याची असली की ही अशी निजतात. अंगातली ऊब कमी करतात, काळीजसुद्धा हळू चालवतात. ऊन लागलं की उठतात."

"वा गं वा. मेलेलं पाखरू पुरावा आणि मेलेला बाप साक्षीदार."

"तू कधी उठलेला पाहिलायस का गं?" त्रान्सितोकाकांनी हळूच विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "बाबांनी पाहिला होता."

काकांनी सुस्कारा टाकला आणि हॅट उचलली. मित्रांनो, गुडघ्यापासून डोक्यापर्यंत अंतर ते केवढं, पण ती हॅट वर जाताना मी काचेच्या आत गोठले. ओतिलियाचं सगळं पुढचं आयुष्य त्या हॅटखाली जाऊन बसणार होतं.

"काका," फेर्मीन म्हणाला, "हॅट जरा हातातच धरा. चॉकलेट गार होईपर्यंत थांबू. मग उठू."

"फेर्मीन," कासिल्दाबाई म्हणाल्या, "तुझ्यावर केलंय ना, म्हणून तू बोलतोयस."

"असेल, आई. पण चॉकलेट गार होईपर्यंत."

त्यानं मुकादमाला पिठाळ ओंजळीत घेतलं आणि वाफाळत्या पेल्याशेजारी हात टेकवले. सगळे त्या ओंजळीकडे बघत बसले. डोंगरावरून ऊन खाली यायला लागलं होतं. आधी माझ्या बाटलीवर आलं, मग मेजावर उतरलं. पेल्याची वाफ विरळ होत चालली. मी मुकादमाकडे बघत होते, आणि खरं सांगते, अजून ओतिलियाकडेही बघत होते. वाफ दिसेनाशी झाली. काकांनी हॅट पुन्हा उचलली.

आणि मुकादमाच्या पिसांत एक कापरं भरलं. मग पाठ थरथरली. बारीक गुणगुण सुरू झाली, चुलीवरच्या भांड्याला उकळी धरावी तशी. एक डोळा उघडला. मुकादमानं आपल्याभोवती जमलेली एवढी तोंडं पाहिली, त्याला ती मुळीच आवडली नसावीत, आणि तो सरळ उडाला. आधी टोपलीच्या लाल फितीला चोच मारून पाहिली. तिथं काही मिळेना, तेव्हा माझ्याकडे आला आणि प्याला. किती वेळ प्याला.

"चेटूक," कासिल्दाबाई पुटपुटल्या. "मेलेलं उठवलं पोरीनं. ही तर त्याहून पुढची निघाली."

फेर्मीन हसला नाही. "आई, थंडीच्या दिवसांत आपण रात्री पीठ मळून ठेवतो. सकाळी बघतेस तर कसं असतं?"

"कसं म्हणजे? निपचित. दगडासारखं."

"मग टाकून देतेस?"

"टाकीन कशाला? भट्टीजवळ ठेवते. ऊब लागली की..." कासिल्दाबाई थांबल्या. चाळीस वर्षं पाव केलेली बाई ती. आपल्याच बोलण्यावर तिला शंका घेता येईना. ओंजळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, वर मुकादमाकडे पाहिलं.

तेवढ्यात ब्रीहिदाबाई पुढं झाल्या. डोळे पुसले. "विहीणबाई," त्या अगदी गोड आवाजात म्हणाल्या, "टोकांना मेण, आत सदऱ्याचा धागा, आणि तीन शुक्रवार. एवढं बारीकसारीक तुम्हाला कसं हो ठाऊक?"

कासिल्दाबाईंचा चेहरा कानापर्यंत लाल झाला. फेर्मीन आपल्या आईकडे असं बघायला लागला की जणू ती आजच भेटली. त्रान्सितोकाकांना खोकल्याची उबळ आली आणि त्या उबळीत त्यांनी हॅट लिंबोणीच्या फांदीला अडकवून टाकली.

"द्या ते पेले इकडं," कासिल्दाबाई एकदाच्या म्हणाल्या. "गार तर गार."

त्या दिवशी जाताना फेर्मीननं ओतिलियाला हळूच विचारलं, "त्या बाईशी फाटकात काय बोलत होतीस?"

"विचारलं होतं, खरंच चालतं का म्हणून," ओतिलिया म्हणाली. "ती म्हणाली, माझा नवरा दोनदा पळाला, तूच काय ते समज. मला बिचारीची दया आली. एक तामाल दिला."

तो पानातला तामाल होता, मित्रांनो.

यालाही बरीच वर्षं झाली. ओतिलिया भट्टीवर राहते, पण पाणी बदलायला ठरल्याप्रमाणे येते. मुकादम आता कितवा ते मला सांगता येणार नाही. माझी शंका काही गेली नाही. स्वभावाला औषध नाही, आणि मी तर औषधाचीच बाटली. पण तुम्हाला एक विनवणी करते. तुमच्या परसात कुणासाठी पाणी ठेवाल तर ते स्वच्छ ठेवा. आज कौतुकानं टांगलं आणि उद्या विसरलात, असं करू नका, कारण तुमच्या भरवशावर कुणीतरी घिरट्या घालत असतं. आणि गार पडलेल्या जिवाला मेलेला म्हणायची घाई करू नका. थोडी ऊब द्या, थोडं थांबा.

परवा कडाक्याची थंडी पडली होती. पहाटे फाटक हळूच वाजलं. कासिल्दाबाई होत्या, आता पार वाकलेल्या. लिंबोणीखाली एक इवली चुपारोसा गारठून पडली होती. त्यांनी ती उचलली. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं. जवळ दुसरं काही नव्हतं, म्हणून आपल्या लाल शालीच्या पदरात गुंडाळून ती छातीशी धरली, डावीकडे, आणि ऊन येईपर्यंत तशाच बसून राहिल्या. मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका.